हिरोशिमाच्या शांती उद्यानात कोणाकोणाची नावे आहेत?

सहा ऑगस्ट जवळ आला की आपल्या विहारांत, शाळांत आणि युवक मंडळांत हिरोशिमाची आठवण निघते. मेणबत्त्या लागतात, मुले कागदाचे पक्षी करतात, मोबाईलवर त्या पडक्या घुमटाचा फोटो फिरतो. हे चांगलेच आहे. पण शिबिरात तरुणांशी बोलायला बसले की एक प्रश्न हमखास येतो: "जपान तर बौद्ध देश. मग तिथे हे सगळे झालेच कसे?" बौद्ध देशाने युद्ध का केले आणि बौद्ध देशाच्या वाट्याला बॉम्ब का आला, असे दोन्ही प्रश्न त्यात मिसळलेले असतात.

उत्तर शोधायला हिरोशिमाचे शांती स्मारक उद्यान ही चांगली जागा आहे. शिक्षण, नोकरी किंवा धम्मपरिषदेच्या निमित्ताने आपल्यातले अनेकजण आता जपानला जातात. बहुतेकजण दोन तासांत उद्यान पाहतात, घुमटासमोर फोटो काढतात आणि पुढच्या गाडीला लागतात. थोडी तयारी करून गेले तर त्याच दोन तासांत कितीतरी अधिक हाती लागेल. तयारी म्हणजे एक प्रश्न सोबत ठेवायचा: इथे नावे कोणाची आहेत, आणि कोणाची नव्हती?

उद्यानाखालचे गाव

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की उद्यान रिकाम्या जागेवर उभे राहिलेले नाही. दोन नद्यांच्या मधल्या या भूभागावर नाकाजिमा नावाची गजबजलेली वस्ती होती. दुकाने, घरे, देवळे, बौद्ध विहार, सगळे होते. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता अमेरिकेच्या बी-२९ विमानाने टाकलेला युरेनियमचा बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. वैमानिकांनी नेम धरला होता इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या दिसणाऱ्या आयोई पुलावर. तो थोडा चुकला आणि बॉम्ब जवळच्या एका रुग्णालयाच्या डोक्यावर फुटला. नाकाजिमा तिथून काहीशे मीटरवर. वस्ती संपली. वर्षअखेरपर्यंत शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली, असा सर्वमान्य अंदाज आहे.

१९४९ मध्ये जपानच्या संसदेने हिरोशिमाला शांती स्मारक नगर म्हणून उभारण्याचा कायदा केला. त्याच वर्षी उद्यानाच्या आराखड्याची स्पर्धा वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी जिंकली. त्यांनी संग्रहालय, स्मृतिकमान आणि घुमट एका सरळ रेषेत आणले. कमानीसमोर वाकून उभे राहिले की तिच्या पोकळीतून मागची ज्योत आणि नदीपलीकडचा घुमट एकाच चौकटीत दिसतो. ही ज्योत १९६४ पासून तेवते आहे. जगातले शेवटचे अण्वस्त्र नष्ट होईपर्यंत ती विझवायची नाही, असे ठरलेले आहे.

पण हे झाड, ही हिरवळ, हे रुंद रस्ते भर घातलेल्या मातीवर आहेत. खाली जळालेली घरे तशीच आहेत. २०२२ मध्ये उद्यानातच एक छोटे दालन उघडले. तिथे उत्खननात सापडलेला वस्तीचा रस्ता आणि कोळसा झालेली घराची जमीन जागेवरच पाहता येते. बरेच पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. माझे मत असे की, सुरुवात तिथूनच करावी. मग वरच्या हिरवळीवर पाऊल जरा जपून पडते.

उत्तरेकडे गवताने झाकलेला एक गोल टेकाडासारखा उंचवटा आहे. वर लहानसा दगडी स्तूप. त्याच्या पोटात सुमारे ७० हजार अनोळखी माणसांच्या अस्थी आहेत. त्या काळात आजूबाजूला प्रेते जाळली गेली. कोणाची राख कोणाची, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नव्हते. त्यातल्या आठशेहून अधिक अस्थिकलशांवर नावे आहेत, पण ते न्यायला आजवर कोणी आलेले नाही. बौद्ध माणसाने या उद्यानात कुठे थांबून दोन मिनिटे डोळे मिटायचे असतील तर ती जागा ही.

कर्ता नसलेले वाक्य

स्मृतिकमानीखाली एक दगडी पेटी आहे. तिच्यात मृतांच्या नावांच्या वह्या ठेवल्या आहेत. दरवर्षी सहा ऑगस्टला त्यात नवी नावे घातली जातात, कारण बॉम्बमधून वाचलेला माणूस पुढे कधीही मेला तरी त्याचे नाव या नोंदीत येते. आता ही संख्या ३ लाख ४० हजारांच्या वर गेली आहे. नोंदीत राष्ट्रीयत्वाची अट नाही. त्या दिवशी हिरोशिमात कैदेत असलेले १२ अमेरिकन युद्धकैदीही आपल्याच देशाच्या बॉम्बने मेले. शिगेआकी मोरी या हिरोशिमाच्या इतिहास संशोधकाने, जे स्वतः लहानपणी बॉम्बमधून वाचले होते, अनेक वर्षे खपून त्या कैद्यांची माहिती गोळा केली आणि त्यांच्या घरच्यांना कळवली. २०१६ मध्ये ओबामा आले तेव्हा ज्या वृद्धाला त्यांनी मिठी मारली, ते हेच. ओबामांनी माफी मागितली नाही, पण तो फोटो जगभर गेला.

पेटीवर जपानीत एक ओळ कोरली आहे. आशय असा की, शांतपणे विसावा, ही चूक पुन्हा केली जाणार नाही. जपानीत या वाक्याला कर्ताच नाही. चूक कोणाची? बॉम्ब टाकणाऱ्याची, की युद्ध सुरू करणाऱ्याची?

१९५२ मध्ये कमान उभी राहिली आणि त्याच वर्षी या ओळीवर एका भारतीयाने तोफ डागली. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल. टोकियोच्या युद्धगुन्हेगार खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे वेगळे निकालपत्र लिहिणारे तेच. बॉम्ब जपान्यांनी टाकला नव्हता, मग जपान्यांनी कसली चूक कबूल करायची, असा त्यांचा सवाल होता. ओळ लिहिणारे प्राध्यापक तादायोशी साइका स्वतः बॉम्बमधून वाचलेले. त्यांचे उत्तर होते की, या वाक्यातला 'आम्ही' म्हणजे सगळी मानवजात. वाद इतकी वर्षे चालला की १९८३ मध्ये नगरपालिकेने बाजूला खुलाशाचा फलकच लावला.

पाल यांचा वसाहतवादविरोध समजण्यासारखा आहे. पाश्चात्त्य देशांनी आशियाला न्याय शिकवावा हे त्यांना पटत नव्हते. पण त्यांच्या निकालपत्राचा उपयोग पुढे कोणी केला ते पाहा. टोकियोच्या यासुकुनी देवस्थानात, जिथे १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांना पूज्य मानले जाते, तिथे २००५ मध्ये पाल यांचे स्मारक उभारले गेले. आपण पीडित आहोत एवढेच धरून बसले की आपण कोणाला पीडित केले ते विसरायला सोपे जाते. हिरोशिमा हे लष्करी शहर होते. १८९४-९५ च्या चीन युद्धात सम्राटाने आपले मुख्यालय इथे आणले होते आणि इथल्या उजिना बंदरातून फौजा आशियाभर गेल्या. संग्रहालयात हा इतिहास मांडायलाही १९९४ उजाडले. त्याआधी १९९१ च्या शांती घोषणेत महापौर ताकाशी हिराओका यांनी जपानने आशियातल्या लोकांना दिलेल्या यातनांबद्दल खेद व्यक्त केला होता.

पुलापलीकडचा दगड

आता उद्यानातला तो दगड, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. पश्चिमेकडे कासवाच्या पाठीवर उभा असलेला एक उंच शिलास्तंभ आहे. हे कोरियन मृतांचे स्मारक. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती. पोटासाठी आलेले आणि सक्तीने आणलेले हजारो कोरियन हिरोशिमात कारखान्यांत आणि लष्करी कामांवर राबत होते. बॉम्बमध्ये त्यांच्यातले सुमारे २० हजार मेले, असे या स्तंभावर कोरले आहे.

हा स्तंभ कोरियन समाजाने १९७० मध्ये स्वतः उभारला, आणि तो उद्यानाबाहेर, नदीच्या पलीकडे होता. कोरियन राजघराण्यातला एक तरुण, जो जपानी सैन्यात अधिकारी होता, जखमी अवस्थेत तिथे सापडला होता म्हणून ती जागा, असे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण असे की, उद्यानात आता नवीन स्मारकांना जागा नाही, असे नगरपालिकेचे धोरण होते. कारण काहीही असो, तब्बल २९ वर्षे हा दगड शांतीच्या कुंपणाबाहेर उभा राहिला. मेल्यानंतरही आम्हाला वेगळे बसवले, ही कोरियन लोकांची भावना आपल्याला वेगळी समजावून सांगायची गरज नाही. गावाच्या स्मशानाचा विषय निघाला की आपल्या घरातली म्हातारी माणसे काय सांगतात ते आठवा. शेवटी जुलै १९९९ मध्ये स्मारक उद्यानात आले. मे २०२३ मध्ये जपानचे पंतप्रधान किशिदा आणि दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून या स्तंभासमोर एकत्र वाकले. दोन्ही देशांच्या नेत्यांनी असे एकत्र वाकण्याची ती पहिलीच वेळ.

दगड आत येण्याच्या कितीतरी आधीपासून जिवंत माणसांची लढाई सुरू होती. सोन जिन-दू नावाचा कोरियन हिबाकुशा, म्हणजे बॉम्बपीडित, १९७० मध्ये उपचारांसाठी बेकायदा जपानमध्ये शिरला. पकडला गेला. तुरुंगातून त्याने आरोग्यपत्रिकेसाठी दावा लावला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. न्यायालयाने मान्य केले की, बॉम्बचे दुखणे कागदपत्रे पाहून येत नाही. पण १९७४ मध्येच सरकारने एक परिपत्रक काढून ठेवले होते: देश सोडला की भत्ता बंद. म्हणजे कोरियात परतलेला पीडित पीडितच उरत नव्हता. क्वाक क्वी-हून यांच्या खटल्यानंतर हे परिपत्रक २००३ मध्ये रद्द झाले. हे सगळे मिळाले ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवून.

ज्यांना जमेल त्यांनी ओकिनावाचे शांती उद्यानही पाहावे. तिथे 'शांतीची कोनशिला' म्हणून काळ्या दगडांच्या भिंती आहेत. २३ जून १९९५ ला त्यांचे अनावरण झाले. ओकिनावाच्या लढाईत मेलेल्यांची २ लाख ४० हजारांहून अधिक नावे तिथे कोरलेली आहेत. जपानी सैनिक, अमेरिकन सैनिक, ओकिनावाचे सामान्य नागरिक, कोरियन, तैवानी. शत्रू-मित्र हा भेद नाही. तरीही काही कोरियन कुटुंबांनी आपल्या माणसाचे नाव तिथे कोरायला नकार दिला. ज्यांनी सक्तीने नेले त्यांच्या शेजारी नाव नको, असे त्यांचे म्हणणे. नाव कोरण्याचा हक्क जितका महत्त्वाचा, तितकाच ते कोरू न देण्याचाही.

दोन डाग

बॉम्बमधून जे वाचले त्यांचे पुढे काय झाले? 'हिबाकुशा' हा शब्द आज आदराने घेतला जातो. त्यांच्या 'निहोन हिदानक्यो' या १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. पण कित्येक वर्षे हा शब्द लपवायचा होता. मुलगी हिबाकुशा आहे कळले की स्थळ मोडायचे. होणारी मुले अपंग निघतील, ही भीती. नोकरी देणारे म्हणत, हा माणूस लवकर थकेल, आजारी पडेल. मासुजी इबुसे यांची 'काळा पाऊस' ही कादंबरी याच धाग्यावर उभी आहे: भाचीचे लग्न जमवायचे आहे आणि ती बॉम्बच्या वेळी कुठे होती, ही कुजबुज थांबत नाही. समाजशास्त्रात आम्ही याला कलंक म्हणतो. आपण त्याला विटाळ म्हणून ओळखतो.

आणि ज्यांच्यावर आधीच एक डाग होता त्यांचे काय? जपानमध्ये बुराकू नावाचा समाज आहे. चामड्याचे काम, जनावरे कापणे, प्रेताची विल्हेवाट अशी कामे पिढ्यान्पिढ्या त्यांच्या माथी मारली गेली आणि त्यामुळे त्यांना अपवित्र ठरवले गेले. १८७१ च्या फर्मानाने कागदावर समता आली, पण लग्न, नोकरी आणि वस्ती यांतला भेद राहिला. ३ मार्च १९२२ ला क्योतोमध्ये त्यांनी 'सुइहेइशा', म्हणजे समता संघ, स्थापन केला. महाडच्या पाच वर्षे आधी. हिरोशिमाच्या पश्चिमेला फुकुशिमा-चो ही मोठी बुराकू वस्ती होती. (२०११ मध्ये अणुभट्टीचा अपघात झाला ते फुकुशिमा वेगळे.) बॉम्बने ही वस्तीही भाजून काढली. इथल्या हिबाकुशांवर जातीचा डाग होताच, त्यावर बॉम्बचा डाग बसला. मुख्य उद्यानातून फिरताना हे कोणी सांगत नाही. विचारावे लागते.

आता तो बौद्ध देशाचा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्याला आवडणारे नाही. जपानी बौद्ध पंथांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सम्राटाच्या युद्धांना आशीर्वाद दिले, सैन्यासोबत धर्मोपदेशक पाठवले, वसाहतींत आपल्या शाखा काढल्या. सोतो झेन पंथाने याची जाहीर कबुली दिली ती १९९२ मध्ये. बुराकूंच्या बाबतीत तर मामला नावाचाच होता. जपानमध्ये माणूस मेला की विहारातले भिक्खू त्याला नवे धम्मनाव देतात आणि ते थडग्यावर कोरतात. बुराकू मृतांना दिलेल्या नावांत 'जनावर', 'चामडे', 'चाकर' अशा अर्थांची अक्षरे घातली गेली. म्हणजे दगड वाचणाऱ्याला पुढची शंभर वर्षे जात कळावी. १९७९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन इथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या एका बड्या पदाधिकाऱ्याने, आमच्याकडे असा भेदभावच नाही, असे ठणकावून सांगितले. बुराकू मुक्ती संघटनेने त्यांना धारेवर धरले. १९८४ च्या नैरोबी परिषदेत त्यांना आपले विधान मागे घ्यावे लागले आणि पंथांना आपापल्या विहारांतली थडगी आणि नोंदवह्या तपासाव्या लागल्या.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आपल्याला धम्म दिला तेव्हा सोबत २२ प्रतिज्ञा का दिल्या, हे या उदाहरणावरून अधिक नीट कळते. नुसते बौद्ध असण्याने जात जाईल यावर ते विसंबले नाहीत.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हिरोशिमानंतर निप्पोनझान म्योहोजी या लहानशा पंथाचे निचिदात्सु फुजी यांनी जगभर शांतिस्तूप बांधण्याचे काम हाती घेतले. हे फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. राजगीर, धौली आणि वर्धा इथले पांढरे स्तूप त्यांच्याच परंपरेतले. मुंबईत वरळीला त्यांचे विहार आहे. हिरोशिमातही फुताबा टेकडीवर असा स्तूप आहे, रेल्वे स्थानकाच्या मागच्या बाजूला.

धौलीला आपले अनेक गट जातात. तिथे एक गोष्ट पाहून या. कलिंग युद्धात एक लाख मारले गेले आणि दीड लाखांना पकडून नेले, याचा अशोकाला झालेला पश्चात्ताप त्याच्या तेराव्या शिलालेखात आहे. तो शाहबाजगढी, मानसेहरा आणि इतर ठिकाणी कोरला आहे. धौली आणि जौगड या कलिंगातल्याच दोन ठिकाणी मात्र तो नाही. त्याजागी अधिकाऱ्यांना प्रजेशी न्यायाने वागा सांगणारे दोन वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसे मेली त्यांच्यासमोर राजाने तो आकडा कोरला नाही. लाज असेल, राजकारण असेल. अभ्यासक दोन्ही शक्यता मांडतात. मेलेल्यांपैकी एकाचेही नाव मात्र आपल्याला माहीत नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 'नाक'ने संपणारी नावे कोरलेली आहेत म्हणूनच तो इतिहास शंभर वर्षांनीही बाबासाहेबांना वाचता आला, हे आपण जाणतोच.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. हिरोशिमा स्थानकातून ट्रामने 'गेन्बाकू डोम-माए' थांब्यावर उतरावे. उद्यानाला तिकीट नाही, संग्रहालयाला आहे. संग्रहालयाच्या मुख्य इमारतीत २०१९ पासून आकडेवारी मागे ठेवून माणसांच्या वस्तूंना पुढे आणले आहे: तीन वर्षांच्या मुलाची गंजलेली तीनचाकी, शाळकरी पोराचा कोळसा झालेला डबा. लहान मुले सोबत असतील तर आधी विचार करा. सादाको सासाकी या बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या मुलीच्या आठवणीत उभारलेल्या बालस्मारकापाशी त्यांना थांबवता येईल. जगभरातून येणारे कागदी क्रौंच पक्षी तिथेच वाहिले जातात. कोरियन स्तंभ पश्चिमेच्या पुलाजवळ आहे, विचारत गेलात तरी सापडेल.

आणि शक्य असेल तर साक्षीदारांचे बोलणे ऐकायची वेळ आधी पाहून ठेवा. मार्च २०२५ अखेर जपानमधल्या नोंदणीकृत हिबाकुशांची संख्या पहिल्यांदा एक लाखाच्या खाली गेली. त्यांचे सरासरी वय ८६ च्या पुढे आहे. म्हणून २०१२ पासून हिरोशिमा नगरपालिका सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देते. एका हिबाकुशाकडे बसून त्याची हकिकत शिकायची, त्याच्याकडून तपासून घ्यायची आणि मग त्याच्या वतीने सांगायची. संग्रहालयात ही मंडळी जपानीत आणि इंग्रजीतही बोलतात, विनामूल्य. बोलून झाले की प्रश्न विचारायला वेळ ठेवतात. फुकुशिमा-चोबद्दल तिथेच विचारा.